उष्टं

पहिल्या दिवशी नेलिदाबाईंनी
नळाच्या पाण्यात काहीतरी कालवलं,
फरशीवर ओतलं. म्हणाल्या,
हे पेशंटचं मूत्र समजा. पुसा.
आम्ही पाच जण. दोन-दोन हातमोजे, पायांत कागदी पिशव्या.
कडेकडून मध्याकडे पुसत नेलं, शहाण्यासारखं.
मग त्यांनी दिवे मालवले आणि हातातला निळा दिवा लावला.

यामांदूच्या पेनावर चमकत होतं.
दाराच्या कडीवर. फोनवर.
माझ्या डाव्या कानाच्या पाळीवर हिरवा ठिपका,
कुणी कुडी घातल्यासारखा.
कान कधी खाजवला, आठवेना.
"तुला नाही आठवत," त्या म्हणाल्या, "दिव्याला आठवतं."

माँतेविदेओतल्या आमच्या दवाखान्यात
तळमजल्याच्या टोकाला दोनच खोल्या, भिंतींत शिसं.
फरशीवर पिवळी पट्टी, तिथून पलंग दोन मीटर.
मी शिशाचा एप्रन मागितला तर हसल्या:
"तो एक्स-रेवाल्यांचा. या आयोडीनला तो मलमलीसारखा,
तुझी कंबर तेवढी दुखेल.
आत काय करायचंय ते बाहेरच मनात करून बघ,
मग जा, कर, नीघ.
लवकर कर. घाई करू नकोस."

या दोन वाक्यांतला फरक कळायला
मला तीन आठवडे लागले.

आमच्याकडे येर्बाचा भोपळा हातोहात फिरतो,
एक नळी, सगळ्यांची तोंडं.
नळी पुसून घेतली तर देणारा दुखावतो.
अशा देशात त्या फळ्यावर लिहीत होत्या:
लाळेतही असतं. याचं उष्टं कुणी घ्यायचं नाही.
मागच्या बाकावरून सफाईची ग्रासिएला म्हणाली,
"म्हणजे विटाळच की."
नेलिदाबाई वळल्या, खडू तसाच हातात.
"विटाळ कधी अर्धा झालेला पाहिलायस?
हा होतो. आठ दिवसांत अर्धा,
पुढच्या आठांत त्याच्या अर्धा."

शेवटची परीक्षा पुतळ्यावर.
पुतळा पलंगाखाली पडलेला, श्वास बंद.
मी पट्टीपाशी थांबले, मीटर काढला, आकडा वाचला.
"मेला तो!" त्या ओरडल्या.
"तू वाचत होतीस आणि तो मेला.
आधी माणूस.
आकडा कुठे पळून जात नाही."
मी नापास. पुन्हा बसले, सुटले.

ऑगस्टची रात्र, नदीवरून बोचरा वारा.
रूबेन इतुर्राल्दे, बंदरावरचा निवृत्त क्रेनवाला,
गोळी गिळल्याची दुसरी रात्र.
न्हाणीघरात काहीतरी आपटलं,
आणि मग काहीच नाही.

पट्टी कधी ओलांडली, आठवत नाही.
हातमोजे होते, दोन्ही. नंतर बघितलं.
बेसिनला धरून तो खाली बसलेला, पांढराफटक.
काखेत हात घालून पलंगावर आणला,
पायांखाली उशा, मनगटावर माझी बोटं.
तो सारखा म्हणत होता, "लांब हो पोरी, लांब हो."
"होते," म्हटलं, "आधी तुमची नाडी सापडू दे."

चार मिनिटं.
खिशातल्या मीटरवर एकेचाळीस मायक्रोसिव्हर्ट.
रजिस्टरात लिहिले, वेळेसकट.
सकाळी नेलिदाबाईंनी वाचलं,
काही न बोलता खाली सही केली,
आणि माझ्या कानाच्या पाळीकडे उगाच एकदा पाहिलं.

दुसऱ्या रात्री मी पट्टीच्या अलीकडे खुर्ची टाकली.
दोन थर्मास. माझा भोपळा,
त्याला फेकून द्यायचा कागदी पेला.
"कागदात चव नाही," तो कुरकुरला,
आणि नळी आवाज करेपर्यंत ओढली.
क्रेनवरून जहाजं कशी दिसतात ते सांगत राहिला;
उंचावरून, म्हणे, सगळीच माणसं दोन मीटरवर वाटतात.

आमच्यात पिताना 'ग्रासियास' म्हटलं
की त्याचा अर्थ: पुरे, आता मला देऊ नकोस.
मीटर बघून मी उठले, माझा वेळ संपला होता.
पेला हातात धरून तो बघत राहिला.
ग्रासियास म्हणाला नाही.